जाण्याआधीचे सहा आठवडे, परतल्यानंतरचे सहा महिने

सैन्यातल्या माणसाच्या घरी निघण्याची तारीख पक्की झाली की भांडणं वाढतात. कागद जागेवर का नाहीत, मुलांना उशिरा का झोपवलंस, माझं ऐकूनच कुठे घेतेस. निमित्त कुठलंही पुरतं. उरलेले दिवस गोडीत जावेत असं दोघांनाही मनापासून वाटत असतं आणि नेमके तेच दिवस धुसफुशीत जातात. पहिल्यांदाच यातून जाणारी जोडपी घाबरतात. आपल्या नात्यातच काही बिघडलंय की काय, अशी शंका त्यांना खायला लागते.

बिघडलेलं काही नसतं. अमेरिकी नौदलातल्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी 1987 मध्ये जाण्याआधीपासून परतीनंतरपर्यंतच्या काळाचे सात टप्पे मांडले. त्यातला पहिला टप्पा निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधीच सुरू होतो. कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते, घरातली रखडलेली प्रत्येक दुरुस्ती आत्ताच्या आत्ता व्हायला हवी असा हट्ट सुरू होतो. दुसरा टप्पा शेवटच्या काही दिवसांचा. त्यात दोघंही एका छताखाली राहून मनानं आधीच लांब सरकतात. रागावलेल्या माणसाला निरोप देणं सोपं जातं, म्हणून मन राग हुडकून काढतं. मग माणूस खरोखर निघून गेला की क्षणभर हायसं वाटतं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटते. हे घरोघरी असंच होतं, हे आधी ठाऊक असलं की निम्मी भीती जाते. ‘हे आपलं शेवटच्या आठवड्याचं भांडण चाललंय,’ एवढं दोघांपैकी एकानं मोठ्यानं म्हटलं तरी आवाज खाली येतो.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. कागदपत्रं, बँक, सह्या, खरेदी हे सगळं निघण्याच्या किमान आठवडाभर आधी संपवायचं. भेटायला येणारे नातेवाईकही त्याआधीच येऊन जातील असं पाहायचं. शेवटचे दोन दिवस कामांची यादी मिटून ठेवायची. शेवटच्या रात्री टेबलावर फॉर्म पसरून बसावं लागणं हे फार वाईट, आणि टाळायला फार सोपं. आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालून ठेवायला हवी. निघणं ऐनवेळी पुढे ढकललं जाऊ शकतं. सकाळी रडून निरोप दिलेले बाबा किंवा आई संध्याकाळी पुन्हा दारात उभे असतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत करावं लागतं. मोठ्यांनाही तो दुसरा निरोप पहिल्यापेक्षा जड जातो.

दुरावा सगळीकडे एकाच जातीचा नसतो. पाणबुडीवरचं माणूस तीन-तीन महिने जवळजवळ संपूर्ण मौनात जातं. इराक युद्धाच्या काळात अमेरिकी भूदलाच्या तुकड्यांची मुदत 2007 मध्ये बारा महिन्यांवरून पंधरा महिन्यांवर गेली, म्हणजे जी कुटुंबं परतीचे दिवस मोजत होती त्यांची मोजणीच लांबली. भारतीय सैन्यात फील्ड (सीमेकडच्या) आणि पीस (शांत छावणीतल्या) अशा पोस्टिंग आलटून-पालटून येतात. फील्डला कुटुंब सोबत नेता येत नाही आणि तिथे दोन-तीन वर्षं निघतात. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, पण ती तुकड्या-तुकड्यांनी मिळते आणि सीमेवर तणाव वाढला की रद्दही होते. एकच मोठा दुरावा आणि दर काही महिन्यांनी येणारे छोटे दुरावे, या दोन्हींची तयारी वेगळी असते. छोट्या दुराव्यांत घर प्रत्येक वेळी उसवतं आणि पुन्हा शिवलं जातं. ते कमी थकवणारं आहे असं बाहेरून वाटतं, पण तसं नाही.

या सगळ्यात घराला खरोखर काय जड जातं? कुटुंबांच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस देहानं घरात नसतं आणि मनातून तर गेलेलं नसतं, अशा अवस्थेत घर अडकून पडतं, हे त्यांनी दाखवलं. अमुक गोष्ट त्याला विचारायची की नाही? त्याची खोली, त्याची कामं, त्याचा शब्द कुणाकडे? बेपत्ता माणसाच्या घरी हे टोकाला जातं, पण साध्या पोस्टिंगवर गेलेल्या माणसाच्या घरातही हीच अस्पष्टता रोज थोडी थोडी टोचत असते. अंतर कमी करणं कुटुंबाच्या हातात नाही. परतीची तारीख, धोका, फोन लागेल की नाही, यातलंही काही हातात नाही. घरातली अस्पष्टता मात्र बरीचशी हातात असते, आणि सगळी मेहनत तिथेच घालायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तीही बेतानं. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली 135 कुटुंबं अभ्यासली आणि 1949 मध्ये निष्कर्ष मांडले. गेलेल्या माणसाची जागा पूर्ण बुजवून टाकणाऱ्या घरांचं दुराव्यात छान चाललं, पण माणूस परत आलं तेव्हा त्याला शिरायला फट उरली नव्हती. जागा अगदी तशीच रिकामी ठेवून वाट पाहत बसलेल्या घरांचं रोजचं जगणंच अडलं. म्हणजे काम दुसऱ्याकडे द्यायचं, जागा मात्र राखायची. हे कसं करायचं ते आधी बसून ठरवता येतं.

त्यासाठी निर्णयांच्या तीन याद्या करणं हा सगळ्यात उपयोगी उपाय. पहिल्या यादीत घरी राहणाऱ्या माणसानं कुणालाही न विचारता घ्यायचे निर्णय: रोजचा खर्च, डॉक्टर, शाळेतलं सगळं, ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती. ती रक्कम आकड्यात लिहायची. दुसऱ्या यादीत घरीच घ्यायचे, पण नंतर कळवायचे निर्णय. तिसऱ्या यादीत दोघांनी मिळून घ्यायचे: घर बदलणं, कर्ज, मोठी शस्त्रक्रिया, नातेवाइकांना मोठी रक्कम देणं. चूक हमखास या तिसऱ्या यादीत होते. जाणाऱ्या माणसाला घराशी जोडलेलं राहायचं असतं, म्हणून तो भरभरून गोष्टी तिच्यात घालतो. मग संपर्क तुटलेल्या आठवड्यात पाइप फुटतो आणि घरातलं माणूस परवानगीची वाट पाहत बसतं. म्हणून तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे दिवसांची मर्यादा हवी: इतक्या दिवसांत बोलणं झालं नाही तर घरच्यानं निर्णय घ्यावा, आणि त्या निर्णयावर परतल्यानंतर वाद काढायचा नाही. हे शेवटचं कलम कागदावर असलेलं बरं.

पैशांचे व्यवहार हल्ली कुठे अडकतात, ते नीट पाहण्यासारखं आहे. पासवर्ड दोघांना माहीत असतात, खातं दोघांच्या नावावर असतं, सगळं सुरळीत आहे असं वाटतं. पण ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर येतो तो नंबर जाणाऱ्याच्या खिशातून ठाण्यावर जातो. तिथे रेंज नसते, किंवा फोन जमा करून घेतलेला असतो. विम्याचा हप्ता भरायला बसलं की सहा आकडी संकेत हजारो किलोमीटर लांबच्या, बंद पडलेल्या फोनकडे जातो. ईमेल बदलायचा तर त्यालाही तोच नंबर. म्हणून निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी एक रंगीत तालीम करायची: जाणाऱ्याचा फोन बंद करून बाजूला ठेवायचा आणि घरी राहणाऱ्यानं महिन्याचे सगळे व्यवहार एकट्यानं करून पाहायचे. वीज, भाडं किंवा हप्ता, शाळेची फी, विमा, गॅस, कर. जे अडेल ते लिहून घ्यायचं आणि बँकेत जाऊन नंबर बदलायचा. नंबर बदलल्यावर काही बँका काही काळ मोठ्या रकमेचे व्यवहार रोखून धरतात, त्यामुळे हे शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही. पोस्टिंग बदलताना पगार आणि भत्त्यांत गडबडी होतात, कधी जास्त जमा झालेली रक्कम मागाहून कापली जाते. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवणं यासाठीच.

मुखत्यारपत्र लागतंच. सर्वसाधारण मुखत्यारपत्रानं बरंच काही करता येतं, म्हणूनच त्याची जोखीमही मोठी. विशिष्ट कामापुरतं, शेवटची तारीख घातलेलं पत्र बहुतेक घरांना पुरतं. ती तारीख अपेक्षित परतीच्या पुढे काही महिने ठेवावी, कारण मुदती लांबतात. स्थावर मालमत्तेसाठी नियम कडक असतात. बँका पुष्कळदा आपलाच नमुना मागतात, तेव्हा त्या त्या बँकेला आधी विचारावं. नामनिर्देशनं तपासणं हे तर दहा मिनिटांचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं. नोकरीला लागताना भरलेलं आई-वडिलांचं नाव लग्नानंतरही तसंच राहतं, किंवा मोडलेल्या लग्नातलं नाव विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेत वेगवेगळ्या रूपात तग धरून असतं. मृत्युपत्र करावं. ते करताना कुणाचंही मन उदास होतं, पण अर्ध्या तासाची ती उदासी नंतरच्या कोर्टकचेऱ्या वाचवते.

कायद्याचं संरक्षण आहे, ते फार कमी घरांना माहीत असतं. भारतात 1925 चा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा आहे. युद्धपरिस्थितीत किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या अनुपस्थितीत त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू नये म्हणून न्यायालयाला खटला थांबवता येतो. अमेरिकेत अशा संरक्षणाचा 1940 चा कायदा 2003 मध्ये नव्यानं लिहिला गेला. पण ही संरक्षणं आपोआप धावून येत नाहीत. कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र किंवा अर्ज वेळेत न्यायालयापुढे जावा लागतो. जमिनीचा किंवा भाऊबंदकीचा वाद चालू असेल तर निघण्याआधी वकिलाकडे युनिटचा पत्ता देऊन ठेवावा.

घराच्या यंत्रांबाबत एक पथ्य आहे. जाणाऱ्यानं दाखवायचं नाही, राहणाऱ्यानं करून दाखवायचं. मुख्य पाण्याचा कॉक घ्या. तो कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, कपाटाच्या मागे असतो. ‘तो तिथे आहे’ एवढं सांगून काम होत नाही. कपाट हलवायचं, कॉकला हात घालायचा, तो वर्षानुवर्षं न फिरवल्यानं गच्च बसलाय हे तेव्हाच कळतं. मग पाना लागतो, तो कुठे आहे याची शोधाशोध होते. कॉक पूर्ण बंद करायचा, वरचा नळ सोडून पाणी खरंच थांबतंय का पाहायचं, पुन्हा उघडायचा, आणि पाना तिथेच खुंटीला टांगून ठेवायचा. असंच मेन स्विचचं, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं, गाडीच्या जॅकचं. दोन संध्याकाळी पुरतात.

आता ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही त्यांच्याविषयी. सैनिकाच्या नोंदीत नजीकचा नातेवाईक म्हणून एक नाव असतं, आणि लग्नानंतर बहुधा तिथे पत्नीचं किंवा पतीचं नाव येतं. त्या दिवसापासून अधिकृत निरोप त्या एका व्यक्तीकडे येतात. आई-वडिलांना पहिल्यांदाच मुलाची खबर दुसऱ्या कुणाकडून घ्यावी लागते. सून घाईत असेल, तिचा फोन लागला नाही, तर त्यांना ती काहीतरी लपवतेय असं वाटतं; तिला वाटतं हे माझ्यावर पाळत ठेवतायत. खरं तर दोन्ही बाजू एकाच भीतीनं जाग्या असतात. याला सरळ उत्तर आहे: जाणाऱ्या माणसानं दोघांच्या समोर ठरवून द्यायचं की फोन आला की त्याच दिवशी आई-वडिलांना कळवलं जाईल, दोन वाक्यांत का होईना, आणि अधूनमधून एक फोन थेट त्यांच्याकडे येईल. अविवाहित सैनिकाच्या घरी उलटी अडचण असते. नाव वडिलांचं असतं आणि जिच्याशी लग्न ठरलंय ती मुलगी कुठल्याच कागदावर नसते. तिला कोण कळवणार, हेही ठरवावं.

संपर्काचा इतिहास पाहिला तर पत्राचं वजन किती असतं ते कळतं, अगदी पौंडांत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं 1942 पासून पत्रांचे सूक्ष्म फिल्मवर फोटो घेऊन ती फिल्म विमानानं पाठवायला सुरुवात केली. दीड लाख एकपानी पत्रांना 37 पोती लागत आणि त्यांचं वजन 2,575 पौंड भरे. फिल्मवर तीच पत्रं एका पोत्यात, 45 पौंडांत मावत. युद्धाच्या धबडग्यात बोटींवरची जागा दारूगोळ्याला हवी असतानाही पत्रांसाठी एवढा खटाटोप केला गेला, कारण पत्र न पोचलेल्या तुकडीचं काय होतं ते सेनापतींना ठाऊक होतं. भारतीय सैन्याची टपाल सेवा आजही 56 एपीओ आणि 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) या पत्त्यांवर चालते. पत्त्यावर गावाचं नाव नसतं. युनिट कुठेही हललं तरी पत्र मागोमाग जातं.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी जुनं आणि आजही चोख असलेलं तंत्र म्हणजे क्रमांक. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर आकडा आणि तारीख घालायची, आणि तो आकडा आपल्या वहीत लिहून ठेवायचा. युनिटचं टपाल साठून येतं. बारावं पत्र नवव्याच्या आधी पोचतं. ‘आता ताप उतरलाय’ हे आधी वाचायला मिळतं आणि ‘पोराला खूप ताप आहे’ हे आठवड्यानं. क्रमांक असला की काळजीचा उलगडा होतो. उत्तरातही ‘तुझं अकरावं मिळालं, दहावं नाही’ असं लिहायचं. मेसेजच्या जमान्यातही हेच होतं. रेंज आली की चाळीस मेसेज एकदम येतात, उलटसुलट क्रमानं. महत्त्वाच्या मेसेजला आकडा घालायला काय हरकत आहे?

मौनाचा टोकाचा नमुना पाणबुडीचा. गस्तीवरच्या पाणबुडीला आपलं ठिकाण लपवायचं असतं, म्हणून ती काहीच प्रसारित करत नाही. घरून मात्र छोटे निरोप पाठवता येतात. त्यांना फॅमिलीग्राम म्हणतात, आणि शीतयुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलात मर्यादा होती चाळीस शब्दांची. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना चाळीस शब्द लिहायचे, तेही कुणीतरी तिसरा तपासणार. ब्रिटिश पाणबुड्यांवर निघण्याआधी खलाशाला विचारलं जातं की घरी काही वाईट घडलं तर गस्तीवर असताना कळवायचं की परतल्यावर. उत्तर कुठलंही असो, ते घरच्यांना माहीत असायला हवं. नाहीतर एखाद्या मरणाची बातमी त्यानं दाबून ठेवली की त्याच्यापासून दाबली गेली, हा हिशेब नंतर वर्षानुवर्षं चालतो.

जमिनीवरच्या सैनिकाचा फोन बंद होतो तेव्हाचं मौन वेगळं असतं, आणि घर त्यात सगळ्यात जास्त जळतं. रोज येणारा फोन अचानक येत नाही. एक दिवस, दोन दिवस. याचं एक कारण समजून घेतलं तर रात्री थोड्या हलक्या होतात. तुकडीत कुणी दगावलं किंवा जखमी झालं की अनेक सैन्यं त्या ठाण्यावरचे सगळे खासगी फोन आणि इंटरनेट बंद करतात. ब्रिटिश त्याला ‘ऑपरेशन मिनिमाइझ’ म्हणतात, अमेरिकी ‘रिव्हर सिटी’. ज्या घरावर आघात झालाय त्या घराला बातमी अधिकृत माणसाकडूनच मिळावी, कुणाच्या तरी मेसेजमधून नको, म्हणून हे केलं जातं. म्हणजे मौन सुरू झालं की ते शेकडो घरांत एकाच वेळी सुरू होतं. कधी कारण आणखी साधं असतं: हालचालीची गुप्तता, बर्फ, बंद पडलेला टॉवर, बिघडलेला जनरेटर. निघण्याआधीच एक आकडा ठरवावा: इतके दिवस काही कळलं नाही तर काळजी स्वाभाविक, पण धावपळ नाही, त्यानंतर युनिटच्या ठरलेल्या एका व्यक्तीला फोन करायचा. दहा जणांना नाही. आणि अनोळखी नंबरवरून ‘तुमचा माणूस जखमी आहे, पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो ठेवून सरळ युनिटशी बोलायचं. जखमी सैनिकाच्या उपचारासाठी कुठलंही सैन्य घरच्यांकडून फोनवर पैसे मागत नाही.

जाण्या-येण्याच्या तारखा, जहाजाचं नाव, ठाण्यावरचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हे सगळे जाणतात. मोडलं जातं ते आनंदाच्या भरात: ‘अजून फक्त चार दिवस!’

दहा मिनिटांचा फोन वाया घालवणं फार सोपं. आवाज ऐकून पहिली दोन मिनिटं ‘ऐकू येतंय का’मध्ये जातात. मग एकजण घरातली तक्रार काढतो, दुसऱ्याला ती लांबून सोडवता येत नाही म्हणून तो गप्प होतो, आणि लाइन तुटते. त्या गप्प होण्याचा अर्थ लावण्यात पुढचे तीन दिवस जातात. फोनजवळ एक वही असावी. ज्या गोष्टीवर निर्णय हवाय ती सर्वांत आधी, कारण लाइन कधीही तुटेल. मग मुलं. शेवटी दोघांचं बोलणं. मुलांना शेवटी ठेवलं की हमखास त्यांचीच वेळ कापली जाते. लहान मूल फोनवर गप्प बसतं, त्याला ‘बोल ना बाबांशी’ म्हणून ढोसू नये. काय केलंस असं विचारण्यापेक्षा समोरच्यानं एक नेमकी गोष्ट विचारावी: दात पडला का, चित्रातल्या घोड्याला कुठला रंग दिलास. भांडण अर्धवट राहिलं तर त्याच दिवशी एक ओळ लिहून पाठवावी, पोचायची तेव्हा पोचेल.

मुलांचं वागणं वयाप्रमाणे बदलतं. वर्षाच्या आतलं बाळ घरी राहणाऱ्या माणसाच्या मनःस्थितीवर चालतं. ते माणूस खाईना-झोपेना झालं की बाळाचं खाणं-झोपणं बिघडतं. तीन ते सहा वर्षांची मुलं मागे जातात: अंथरूण ओलं करतात, अंगठा चोखतात, एकटी झोपत नाहीत. हा हट्ट नसतो, आणि शिक्षेनं तो लांबतो. या वयात आणखी एक गोष्ट आत चाललेली असते: ‘मी त्रास दिला म्हणून ते गेले.’ मूल हे बोलून दाखवत नाही, म्हणून आपणच न विचारता सांगायचं की हे काम आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शाळकरी मुलं बातम्या बघतात. ती घरात दिवसभर चालू ठेवू नयेत. किशोरवयीन मुलं उद्धट होतात किंवा फार शहाणी होतात. शहाण्या झालेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं. ‘आता तूच घरातला मोठा’ हे वाक्य निरोपाच्या वेळी सहज तोंडातून जातं. बारा वर्षांच्या मुलानं ते खरं मानलं तर वर्षभर ते मूल रात्री कुलपं तपासत फिरतं. त्याला एक ठरलेलं काम द्यावं, घर देऊ नये.

दिवस मोजण्याची साखळी अनेक घरांत करतात, रोज एक कडी काढायची. परतीची तारीख लांबली की कड्या संपतात आणि माणूस आलेलं नसतं. त्यापेक्षा उलट मोजावं: बरणीत रोज एक मणी टाकायचा. बरणी भरत जाते, तारीख सरकली तरी मोडत काही नाही, आणि परतल्यावर ‘इतके दिवस आम्ही काढले’ हे हातात धरून दाखवता येतं. गोष्ट वाचतानाचं रेकॉर्डिंग हा दुसरा चांगला उपाय. अमेरिकेत ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ ही संस्था 1989 पासून सैनिकांचं वाचन मुलांपर्यंत पोचवते, पण संस्थेशिवायही हे जमतं. निघण्याआधी दहा-बारा गोष्टी रेकॉर्ड कराव्यात. वाचताना मध्ये मुलाचं नाव घ्यावं, ‘पान उलट’ म्हणावं, थोडं थांबावं. तेच पुस्तक घरी मुलाच्या हातात हवं. शाळेतल्या शिक्षकांना निघण्याची तारीख सांगावी. मार्क घसरतात तेव्हा त्यांना कारण माहीत असलेलं बरं.

घरी राहणाऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल कुणी फारसं विचारत नाही, म्हणून एक आकडा देते. अमेरिकी भूदलातल्या सैनिकांच्या अडीच लाखांहून अधिक पत्नींच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पती एक ते अकरा महिने मोहिमेवर होते त्या स्त्रियांमध्ये नैराश्याची निदानं, पती घरी असलेल्यांच्या तुलनेत, दर हजारी 27.4 नं जास्त होती. अकरा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेलेल्यांच्या घरी तीच वाढ दर हजारी 39.3. झोपेच्या तक्रारीही तशाच वाढलेल्या. म्हणजे सहन होत नाही म्हणणारी बाई कमकुवत नसते, आणि मुदत लांबते तसं ओझं खरोखर वाढतं. मदत मागताना नेमकी मागावी. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे पुष्कळ असतात, त्यांना वार आणि वेळ द्यायची: दर गुरुवारी दोन तास मुलांना सांभाळाल का? सलग दोन आठवडे झोप लागली नाही तर डॉक्टरकडे जायचं, परतीची वाट पाहायची नाही. सैनिकांच्या पत्नींच्या संघटना असतात, भारतात 1966 मध्ये आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन या नावानं सुरू झालेली संघटना आहे, आणि कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यांना शेजारणीच पुरतात. खरी एकटी पडतात ती छावणीपासून लांब राहणारी घरं आणि पत्नी सेवेत असताना मागे राहिलेले पती. संघटनेच्या बैठकीत त्या पुरुषाला कुणी बोलावतच नाही. त्याला बोलवा.

आता परतीचं. सगळी घरं इथपर्यंत तयारी करतात आणि पुढे मोकळी सोडतात. लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी 2001 मध्ये मांडलेल्या पाच टप्प्यांत शेवटचा, परतीनंतरचा टप्पा तीन ते सहा महिन्यांचा धरला आहे. ब्रिटिश आणि कॅनेडियन सैनिकांना अफगाणिस्तानातून थेट घरी न नेता आधी सायप्रसमध्ये थांबवत. ब्रिटिश तुकड्यांसाठी हा मुक्काम साधारण दीड दिवसाचा असे. घरी वाट पाहणाऱ्यांना तो दीड दिवस फार बोचे. पण रणांगण आणि उंबरा यांच्यात काही तास तरी हवेत, हे त्यामागचं शहाणपण होतं.

परतलेलं माणूस दारातून आत येतं तेव्हा घरात सगळं जागच्या जागी असतं, फक्त जागा बदललेल्या असतात. मीठ-साखरेच्या डब्यांपासून ते मुलाच्या झोपायच्या वेळेपर्यंत. पहिले दोन आठवडे त्यानं काही बदलायचं नाही, फक्त पाहायचं. शिस्त लावायला तर अजिबात जायचं नाही. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर ते ओळखणार नाही, किंचाळेल, पाठ फिरवेल. उचलून घेण्याचा मोह आवरावा. मुलाच्या शेजारी नव्हे, ज्याच्या मांडीवर ते आहे त्या माणसाच्या शेजारी, जमिनीवर बसावं. हातात एखादं खेळणं घेऊन स्वतःच खेळत राहावं आणि मुलाकडे थेट पाहू नये. मूल आधी खेळणं बघेल, मग हात, मग चेहरा. याला काही तास लागतात, कधी आठवडा. रेकॉर्डिंगमधला आवाज इथे कामी येतो: तीच गोष्ट, त्याच स्वरात.

सवयी लगेच सुटत नाहीत. ताफ्यात गाडी चालवलेला माणूस रस्त्याच्या मधोमध चालवतो, कडेला पडलेल्या पिशवीपासून लांब वळवतो, गर्दीत भिंतीला पाठ लावून बसतो. तिथे या सवयींनी जीव वाचवला होता. पहिले काही आठवडे दुसऱ्यानं गाडी चालवावी, आणि त्यात अपमान वाटू देऊ नये. झोपेतून उठवायचं तर खांद्याला हात न लावता पायाशी उभं राहून नाव घ्यावं. घरच्यांनी तिथलं काही विचारू नये असं नाही. एकदा सांगावं की ऐकायला मी आहे, आणि मग थांबावं. पण महिना उलटल्यावरही दुःस्वप्नं, अचानक भडकणं, घरच्यांपासून तुटून राहणं किंवा दारू वाढत असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि घरातलं हत्यार असेल तर ते आधी घराबाहेर.

कामं परत देताना एकेक द्यावीत. घरी राहिलेल्या माणसाला वाटतं, वर्षभर मी वाहिलं, आता सगळं घे. आलेल्याला वाटतं, माझी इथे गरजच उरली नाही. दोघंही थकलेले असतात. आणि राहिलेलं माणूस आता बदललेलं असतं. ते बँकेत एकटं जातं, भांडून हक्काचं मिळवतं, गाडीचं चाक बदलतं. ते सगळं परत करायचं नसतं, परत मागूही नये. त्या तीन याद्या दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढाव्यात आणि दोघांनी मिळून पेन घेऊन बसावं. तिसऱ्या यादीतलं काय पहिल्या यादीत गेलं, कुठली दिवसांची मर्यादा फार लांब होती, कुठल्या रकमेनं अडचण केली, कुठल्या फोननंबरावर कुणी उचललंच नाही, हे सगळं आठवणीत ताजं असतानाच लिहून ठेवावं. मुखत्यारपत्राची मुदत पाहावी, संपलेलं पत्र फाडून टाकावं, फाइलवर नवी तारीख घालावी. पुढचा हुकूम यायला साधारण किती महिने आहेत ते युनिटमधून कळतंच.